पाच महिन्यांच्या मुलीच्या हृदयाला छिद्र: ऑपरेशन आत्ता करावं की वजन वाढेपर्यंत थांबावं?

द्राक्षवाला_पलूस

नमस्कार मंडळी. इथं वाचतो बऱ्याच दिवसांपासून, लिहितोय पहिल्यांदाच.

पलूस तालुक्यात राहतो, अडीच एकर द्राक्षबाग आहे. मुलगी पाच महिन्यांची. जन्मली तेव्हा पावणेतीन किलो, चांगली टुणटुणीत होती. दीड महिन्याची झाली आणि दूध पिताना दमायला लागली. चार घोट घ्यायची, सोडायची, धापा टाकायची, परत तोंड लावायची. कपाळ घामानं ओलं, तेही भर पावसाळ्यात. आई म्हणायची अंगात उष्णता आहे. पुढं सर्दी झाली ती छातीत उतरली आणि सांगलीला ॲडमिट करावं लागलं. तिथल्या डॉक्टरांना छातीत वेगळा आवाज ऐकू आला म्हणून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये व्हीएसडी आलंय, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, मोठं, ८ मिलिमीटरचं, आणि फुप्फुसातला दाब वाढलेला. आजचं वजन ४ किलो २०० ग्रॅम. लॅसिक्स आणि आणखी एक औषध चालू आहे.

मुंबईच्या लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांना कागद दाखवले. ते म्हणाले लवकर ऑपरेशन करून घ्या, महिना-दोन महिन्यांत. आमच्या भागातले एक डॉक्टर म्हणतात दहा किलो होऊ द्या, मग बघू. गावात जो भेटेल तो सांगतो की अशी छिद्रं आपोआप भरतात. आई म्हणते एवढ्याशा जीवाला कापायचं नाही, आणि पोरीची जात, छातीवर वण राहिला तर पुढं लग्नाचं काय. बायकोच्या डोळ्याचं पाणी खळत नाही, कारण कुणीतरी तिला सांगितलंय की सातव्या महिन्यात ग्रहणात विळीला हात लावला म्हणून हे झालं.

माझी अडचण वेगळी. छाटणी होऊन पेस्ट लावून झाली आहे, आता डाऊनी रोगाचे, फवारणीचे दिवस, बागेतून हलता येत नाही. पैसा हातात येणार तो फेब्रुवारी-मार्चला माल गेल्यावर. म्हणून वाटतंय मार्चनंतर करावं. तेवढं थांबलं तर चालेल का? रेशनकार्ड पांढरं आहे, योजनेत बसतो का? आणि ऑपरेशनमध्ये हृदय बंद करतात म्हणे, ते खरं का? ज्यांनी यातून काढलंय त्यांनी सांगावं.

अण्णा_कडेगाव

काळजी करू नका. माझ्या पुतण्यालापण छिद्र होतं, दोन वर्षांत आपोआप भरलं, आता कुस्ती खेळतो. मुंबईवाले कापायलाच बसलेले असतात. घाई करू नका. वाडीला जाऊन दत्ताला नारळ देऊन या.

तासगावकरीण

दादा, मार्चपर्यंत थांबायचं नाही. हे आधी वाचा, बाकीचं सावकाश वाचा.

माझ्या मुलाला हेच होतं. तुम्ही कपाळाचा घाम लिहिलात तिथं मी दोन मिनिटं मोबाईल खाली ठेवला. आमच्याकडं पाजताना माझ्या कोपराच्या वळणात घामाचं पाणी साठायचं, आणि प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडायचा. आता पहिलीत आहे, परवाच शेजाऱ्यांच्या पत्र्यावर चढला होता, त्याच्यावरून भांडण झालंय.

आता ते दहा किलोचं. आम्हालाही एकांनी हेच सांगितलं होतं. नाव घेत नाही, माणूस भला होता, पण हा त्यांचा विषय नव्हता. मग आमच्या घरात दुसरा उद्योगच राहिला नाही. आठवड्याला काट्यावर ठेवायचं, शंभर ग्रॅम वाढलं की सासरे खुशीत चहा करायला सांगायचे, आणि पुढच्या सर्दीत दीडशे उतरायचं. दुधात खोबरेल तेल घालून दिलं (डॉक्टरांनी माप सांगितलं होतं, आपल्या मनानं करू नका), नाकातून नळी घालून पाजलं. शेवटी ज्या बाई ऑपरेशन करणार होत्या त्यांनाच मी विचारलं, मॅडम वजन वाढणार कधी? म्हणाल्या, छिद्र बुजल्यावर. मी म्हटलं, आणि छिद्र बुजवणार कधी, वजन वाढल्यावर? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्हाला दहा किलो कुणी सांगितलं? आम्ही चार-साडेचार किलोच्या बाळांची रोज करतो.

तर दादा, एवढं धरून ठेवा. थांबायचं की नाही हे जो ऑपरेशन करतो त्याला विचारायचं. जो करत नाही त्याला विचारायचं नाही, मग तो कितीही मोठा डॉक्टर असो किंवा चुलता असो.

कारण काय ते तुम्ही बागायतदार, तुम्हाला पटकन कळेल. ड्रिपची मेनलाईन पंपाजवळच फुटली तर काय होतं? पंप दिवसभर चालतो, फुटलेल्या जागी तळं साठतं आणि शेवटच्या ओळी वाळतात. हृदयाच्या डाव्या कप्प्यानं सगळ्या अंगाला रक्त ढकलायचं असतं, त्यातलं निम्मं-अर्धं छिद्रातून उजवीकडं जातं आणि परत फुप्फुसातच येतं. फुप्फुसं रक्तानं भरलेली म्हणून धाप, म्हणून सर्दी लगेच छातीत. आणि प्यायलेलं दूध सगळं श्वास घेण्यातच खर्ची पडतं, अंगी लागणार कसं? लॅसिक्स लघवीवाटे पाणी काढतं, त्यानं धाप कमी होते. छिद्राला ते काही करत नाही.

जन्मल्यावर कळलं कसं नाही म्हणून कुणाला बोल लावत असाल तर तेही सांगते. जन्मल्यावर काही आठवडे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळलेल्याच असतात, तिकडचा दाब जास्त असतो, म्हणून छिद्रातून फारसं रक्त जात नाही आणि आवाजही येत नाही. त्या सैल पडत जातात तसा त्रास सुरू होतो. तुमचा दीड महिना बरोबर बसतो.

अण्णा, छिद्रं भरतात हे खरं आहे, पण लहान भरतात. खूप जणांची भरतात. ८ मिलिमीटरचं, वर फुप्फुसातला दाब वाढलेला, ही वेगळी गोष्ट आहे. असं वर्ष-दोन वर्षं चाललं तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या कायमच्या जाड आणि कडक होतात, पुढं पुढं रक्त उलटं वाहायला लागतं, मूल निळं पडतं, आणि मग ते छिद्र बंदही करता येत नाही. म्हणून मोठं छिद्र पहिल्या वर्षाच्या आतच बंद करतात. आमच्या शेजारच्या गावात एक मुलगी आहे, पंधरा-सोळा वर्षांची, ओठ जांभळे. जिना चढता येत नाही. तिला लहानपणी कुणी दाखवलंच नव्हतं.

ग्रहणाचं. तुमच्या बायकोला हे वाचून दाखवा. बाळाचं हृदय पोटात आठव्या आठवड्यापर्यंत तयार होऊन जातं, पडदे-कप्पे सगळे. तेव्हा कित्येकींना दिवस गेलेत हे नुकतंच कळलेलं असतं. सातव्या महिन्यातल्या विळीचा त्याच्याशी काय संबंध? मला तर माझ्या आत्येसासूबाईंनी पपईचं विचारलं होतं. डॉक्टरांनी एकच विचारलं, नात्यात लग्न आहे का, म्हणजे मामाच्या मुलीशी वगैरे, कारण त्यानं थोडा फरक पडतो. आमचं तसं नव्हतं, तरी झालं. बहुतेकांना कारण सापडत नाही.

आणि वणाचं. मुलगा असता तर आजी वणाचं बोलल्या असत्या का, विचारून बघा. नको, विचारू नका, तुम्हाला त्याच घरात राहायचंय. वण राहतो, छातीच्या मधोमध, उभा. पहिलं वर्ष लालसर आणि फुगीर दिसतो, मग फिका होत जातो. गळ्यापाशी कपड्याच्या वर येऊ नये असा खालून घेता येतो का, हे सर्जनला विचारा, मुलींच्या बाबतीत बरेच जण ते बघतात. एवढं आजींच्या कानावर घाला, त्यांचंही समाधान होईल.

बाग भावकीतलं कुणीतरी बघेल. बाळाच्या कागदावर सही करायला तुम्हीच लागणार.

परिचारिका_विटा

सरकारी रुग्णालयात आहे, म्हणून फक्त पैशाचं आणि कागदाचं सांगते.

पांढरं कार्ड असेल तरी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसता. आधी पिवळं-केशरीच चालायचं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं सगळ्या रेशनकार्डधारकांना घेतलं आणि मर्यादा दीड लाखावरून वर्षाला कुटुंबामागे ५ लाख केली. व्हीएसडीचं ऑपरेशन योजनेत आहे. पण रुग्णालय योजनेत असलं पाहिजे आणि लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी असलं पाहिजे, दोन्ही बघा. योजनेची पाटी असते पण हे ऑपरेशन होत नाही असंही असतं. १५५३८८ वर फोन करून विचारता येतं. रुग्णालयात योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसतो, पहिलं त्याला गाठा. ऑपरेशनच्या आधी मंजुरी यावी लागते, ती आल्याशिवाय पैसे भरून बसू नका, भरलेले पैसे मागून मिळवणं फार जिकिरीचं.

बाळाचं नाव रेशनकार्डावर अजून चढलं नसेल. अडत नाही. जन्मदाखला, आईचं किंवा वडिलांचं आधार आणि बाळाचा आई किंवा वडिलांबरोबरचा फोटो घेऊन जा. जन्मदाखल्यावर बाळाचं नाव घालून घ्या, नुसता ‘मुलगी’ असा दाखला असला की टेबलावर वेळ जातो. तुमच्या आधारवरचं आणि रेशनकार्डावरचं नाव जुळतंय ना तेही आजच बघा. एका ठिकाणी दादासाहेब आणि दुसऱ्या ठिकाणी दादासो, आपल्या भागात हे फार असतं.

दुसरी वाट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, २०१३ पासून आहे. अंगणवाडीत आणि शाळेत जे डॉक्टरांचं पथक तपासायला येतं तेच हे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात, हृदयाचे जन्मजात आजार त्यांच्या यादीत आहेत. तुमच्या अंगणवाडी सेविकेला सांगा, ती पथकाशी गाठ घालून देईल, ते जिल्हा रुग्णालयाकडं पाठवतात आणि पुढचा खर्च योजनेतून नाहीतर कार्यक्रमातून बसवतात. आमच्या भागातल्या कितीतरी मुलांची अशी झालीत.

तिसरं, नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी म्हणून मुलांच्या हृदयाचंच रुग्णालय आहे, तिथं उपचार पूर्ण मोफत. बिलाचा काउंटरच नाही. तिथं तारीख कधीची मिळते ते मात्र विचारून घ्या, आणि तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत बसत असेल तरच तिकडं जा. परळला वाडिया रुग्णालय मुलांसाठीचंच आहे, तिथंही आपल्याकडची मुलं जातात.

थोडक्यात, पैशासाठी मार्चची वाट बघायची गरज पडू नये.

पंपवाला_मिरजकर

हृदय बंद करतात हे खरं आहे, आणि ते बंद असताना बाळाला चालवायचं काम माझं. मी मिरजेचा, सध्या पुण्यात परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवतो. आमच्या घरच्यांनाही मी काय करतो ते नीट माहीत नाही, आई सांगते की पोरगं पंपावर असतं. लोक पेट्रोलचा समजतात.

तुमच्या लेकीच्या अंगात रक्त किती असेल? या वयात किलोला साधारण ८० मिली धरतात, म्हणजे साडेतीनशे मिलीच्या आतच. आमच्या मशीनच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटर भरायलाच बऱ्यापैकी द्रव लागतो. नुसतं सलाईन भरलं तर तिचं रक्त पार पातळ होईल, म्हणून एवढ्या लहान बाळांना मशीनमध्ये आधी दात्याचं रक्त भरून ठेवतो. रुग्णालय रक्तदाते आणा म्हणतं त्याचं हे एक कारण.

मग रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. हृदयाकडं येणारं रक्त नळीनं माझ्याकडं वळवतात. ऑक्सिजनेटरमध्ये केसासारख्या पोकळ धाग्यांचा जुडगा असतो, धाग्यांच्या आतून वायू जातो, बाहेरून रक्त, तिथंच त्याला ऑक्सिजन मिळतो, आणि ते मी परत महारोहिणीत, म्हणजे हृदयातून अंगाला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत सोडतो. अंगही थोडं थंड करतो म्हणजे शरीराची मागणी कमी होते. यानंतर सर्जन महारोहिणीला चिमटा लावतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत पोटॅशियमचं थंड औषध जातं. हृदय हळू होतं आणि थांबतं. मॉनिटरवर सरळ रेघ येते. सिनेमात ती रेघ आली की डॉक्टर चष्मा काढतात, आमच्याकडं त्या रेघेनंतर खरं काम सुरू होतं.

उजवा वरचा कप्पा उघडून, झडपेच्या पाळ्या बाजूला धरून, छिद्रावर ठिगळ शिवतात. ठिगळ हृदयाभोवतीच्या तिच्याच आवरणाचं किंवा डेक्रॉन, गोर-टेक्ससारख्या कापडाचं. अवघड जागा अशी की हृदयाचे ठोके चालवणारा विजेचा मार्ग बऱ्याचदा छिद्राच्या कडेनंच जातो. टाका तिथं बसला तर ठोके बिघडतात. म्हणून बाहेर येताना छातीतून बारीक वायरी काढून ठेवलेल्या दिसतील, गरज पडली तर पेसमेकरची पेटी जोडायला. बहुतेकांना लागत नाही, दोन-चार दिवसांनी ओढून काढतात. तुम्ही आयसीयूत ती बघून घाबराल म्हणून आधीच सांगितलं. फार थोड्या मुलांना कायमचा पेसमेकर लागतो, हा धोका संमतीपत्रात लिहिलेला असतो, तेव्हा त्याबद्दल बिनधास्त विचारा.

चिमटा काढला की गरम रक्त हृदयात शिरतं आणि ते आपलं आपण चालू होतं. कधी छोटा शॉक द्यावा लागतो. तिथल्या तिथं इको करून कुठं गळत नाही ना ते बघतात, मग मशीनवरून उतरवतात.

एक जुनी गोष्ट सांगतो, तुम्ही बाप आहात म्हणून. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटाला लिलेहाय नावाच्या सर्जननं व्हीएसडी पहिल्यांदा बंद केलं तेव्हा आजच्यासारखं मशीन हाताशी नव्हतं. बाळाच्या शेजारच्या टेबलावर बापाला झोपवलं आणि बापाच्या हृदया-फुप्फुसांवर बाळाचं रक्त चालवलं. ते पहिलं बाळ पुढं न्यूमोनियानं गेलं. पण तशी ४५ ऑपरेशनं त्यांनी केली, २८ जणं वाचली. आज तुम्हाला बाहेरच्या बाकावर बसायचंय, एवढंच काम आहे तुम्हाला. तेही सोपं नसतं हे रोज काचेतून बघतो.

द्राक्षवाला_पलूस

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर तासगावच्या ताईंचं लिहिलेलं मोठ्यानं वाचलं. ग्रहणाचं वाचलं तेव्हा आई उठून आत गेली, भांडी आपटल्याचा आवाज आला. पण सकाळी तिनंच बायकोला म्हटलं, जा गं, घेऊन जा पोरीला, बागेचं मी बघते. बागेचं ती काय बघणार, गुडघे दुखतात तिचे, पण म्हणाली.

मुंबईला फोन केला. पुढच्या सोमवारी बोलावलंय, तपासण्या करून तारीख देतील. योजनेत आहे ते रुग्णालय, आरोग्यमित्राशी बोललो. दादासाहेब-दादासोचं परिचारिकाताईंनी कसं ओळखलं कुणास ठाऊक, आमचं अगदी तेच निघालं, आज तलाठी ऑफिस आणि सेतूला चकरा.

आता ताई, आयसीयूचं आणि घरी आल्यानंतरचं सांगा. आणि मुंबईत राहायचं कुठं? आमचं तिथं कुणी नाही.

अण्णा_कडेगाव

वहिनीला फोन करून विचारलं, पुतण्याचं ३ मिलिमीटरचं होतं म्हणे. तुमचं वेगळं आहे. बाग कुठल्या शिवारात आहे? माझा ब्लोअर आहे, फवारणीला येतो. औषध तुमचं.

तासगावकरीण

अण्णा, आता बोललात.

दादा, आयसीयू. ऑपरेशन थिएटरच्या दारात बाळ हातातून घेतात तेव्हा तुमच्या बायकोजवळ तिची आई किंवा बहीण असू दे. तुम्ही पण थांबा, पण तुमचा उपयोग होत नाही त्या वेळी, तुम्हालाच कुणीतरी लागतं. ऑपरेशन चार-पाच तास चाललं तरी घाबरू नका, त्यात तयारीचाच वेळ बराच.

पहिल्यांदा आत सोडलं तेव्हा मला माझं मूल ओळखू आलं नव्हतं. तोंड सुजलेलं, डोळे बंद, तोंडात व्हेंटिलेटरची नळी चिकटपट्ट्यांनी बसवलेली, मानेत सुई, छातीतून ड्रेनची नळी, तिच्यात लालसर पाणी. सूज दोन दिवसांत उतरते. पायाला हात लावू का विचारलं, सिस्टर म्हणाल्या लावा की. तळपाय गरम होता. सिस्टर म्हणाल्या, तळपाय गरम म्हणजे रक्त नीट पोचतंय, आम्ही पण तेच बघतो. त्याच्या आधी त्याचे पाय कायम गारच असायचे, मी मोजे घालून ठेवायचे.

नळी काढल्यावर एक गोष्ट होते ती कुणी सांगत नाही, आणि बघितली की जीव घाबरा होतो. बाळ रडतं पण आवाज येत नाही. तोंड उघडं, डोळ्यातून पाणी, सगळा चेहरा रडतोय आणि आवाज फक्त घोगरा वारा. नळीनं घसा सुजलेला असतो, एक-दोन दिवसांत आवाज येतो. आमच्याचा आला तो रात्री वॉर्डमध्ये, सगळ्यांची झोप मोडली आणि पलीकडच्या खाटेवरची सोलापूरची बाई म्हणाली, रडू द्या हो, ऐकू द्या.

तुमची बायको अंगावर पाजत असेल तर दूध काढून ठेवावं लागतं, नाहीतर तिचं दूध आटेल आणि गाठी धरतील ते वेगळंच. आत कधी आणि किती द्यायचं ते तेच ठरवतात. दूध काढायला जागा कुठं आहे हे पहिल्याच दिवशी सिस्टरना विचारून घ्यायला सांगा, संकोच करत बसायला नको.

सगळं ठीक असेल तर आठवडा-दहा दिवसांत सोडतात, ताप किंवा जंतुसंसर्ग झाला तर लांबतं. त्या हिशेबानं घरी निरोप द्या, तारीख सांगून बसू नका. आमच्याकडं आरती आणि औक्षणाची तयारी करून बायका बसल्या होत्या आणि आम्ही वॉर्डातच.

घरी आल्यावर. छातीचं मधलं हाड कापून परत बांधलेलं असतं, ते जुळायला सहा आठवडे लागतात. तोवर काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, असंच उचलायचं. हे घरातल्या प्रत्येकाला करून दाखवा, शेजारच्या पोरींना पण, कारण येता-जाता बाळ उचलणारे तेच. आंघोळ घालायला येणारी मावशी असेल तर तिला आधी सांगा, छातीला मालीश नाही, पालथं घालायचं कधी ते डॉक्टर सांगतील. आमच्या मावशी ऐकेनात, त्यांनी तीन पिढ्यांना अशीच आंघोळ घातली म्हणे. महिनाभर त्यांना पगारी सुट्टी दिली.

जखमेला हळद लावू नका. आपण सांगलीचे, सगळ्याला हळदच, पण तिथं काही लावायचं नाही. जखम लाल झाली, पाणी आलं, ताप आला, दूध तोडलं, तर वाट न बघता फोन.

नऊ महिन्यांची गोवराची लस असते ना, ऑपरेशनात रक्त दिलेलं असलं तर ती पुढं ढकलावी लागते, किती ते डॉक्टरांकडून डिस्चार्ज कार्डावर लिहूनच घ्या. आशाताई आल्या की कार्ड दाखवा. बाकीच्या लसींचंही तेव्हाच विचारा. ठिगळ लावल्यावर सहा महिने दाताचं काही काम निघालं तर डॉक्टरांना सांगून आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. तुमचीला दात नुकते येतील तेव्हा, दाताच्या डॉक्टरकडं जायची वेळ यायची नाही, तरी पण.

पहिले काही दिवस रात्री दचकून उठायचा, मला सोडायचा नाही, पांढरा कोट दिसला की किंचाळायचा. आमच्या गल्लीत पांढरा शर्ट घालून येणारा दूधवाला बिचारा दारातूनच परत जायचा. ते गेलं महिन्या-दीड महिन्यात. आणि वजनाचं म्हणाल तर काटा आम्ही नंतर विसरूनच गेलो, मापाचे कपडे आणावे लागले हेच वजन.

पाहुण्यांना मात्र सरळ नाही म्हणा. बघायला येणारा एक तरी शिंकतो.

परिचारिका_विटा

राहण्याचं: रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो, तिथल्या समाजसेवकांना आधी भेटा. आईला बाळाजवळ राहू देतात, बाकीच्यांसाठी तेच जवळच्या धर्मशाळांची नावं देतात, लागलं तर पत्रही देतात. दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा बाहेरगावच्या पेशंटच्या नातेवाइकांसाठीच आहे. जागा मिळेलच असं नाही, म्हणून एक जण आधी जाऊन विचारून आलेला बरा.

सध्या बाळाला सर्दी होऊ देऊ नका. सर्दी-खोकला असला की भूल देत नाहीत, तारीख पुढं जाते आणि परत सगळं पहिल्यापासून. बाजार, लग्न, जत्रा सगळं बंद.

द्राक्षवाला_पलूस

अण्णा, शिवार तुमच्या रस्त्यावरच आहे, फोन करतो. रविवारी रात्री सांगलीहून महालक्ष्मीनं निघतोय, सकाळी दादर. रक्त द्यायला चुलतभाऊ आणि त्याचे मित्र तयार आहेत. पिशवीत काय काय घेऊ तेवढं सांगा.

तासगावकरीण

सगळ्या रिपोर्टांच्या दोन झेरॉक्स आणि इकोची सीडी दिली असेल तर ती. पुढून उघडणारी झबली, डोक्यातून घालायची एकही नको. बायकोलाही पुढून उघडणारे गाऊन. लंगोट, दुपटी, एक जुनं मऊ लुगडं पाळण्यासारखं टाकायला. मोबाईलचा चार्जर लांब वायरचा, वॉर्डात प्लग कायम लांब असतो. थर्मासला झाकण घट्ट बसतंय ना ते घरीच बघा. लॅसिक्सची बाटली हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको, रात्रीचा डोस गाडीतच येईल. आणि दादरला गाडी फार थांबत नाही, कल्याण गेलं की सामान दारापाशी आणून ठेवा.